त्याच्या लेस मी बांधत होते

दुबईच्या भर उन्हात गाडीच्या मागच्या सीटवर लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घेऊन फिरणारी मी एकटीच असेन. शारजातल्या आमच्या बिल्डिंगच्या वॉचमननं एकदा न राहवून विचारलं, "मॅडम, कश्मीर जा रहे हो क्या?" काश्मीर कुठलं, दुबईतलंच बर्फाचं मैदान. मी फिजिओथेरपिस्ट आहे. आठवडाभर एका क्लिनिकमध्ये लोकांच्या कंबरा आणि माना सरळ करायच्या आणि शनिवारी दुपारी एका आइस हॉकी टीमच्या बाकावर बसायचं, कुणी पडलं तर उठवायला. क्लिनिकनं टीमशी करार केला तेव्हा बाकीच्या फिजिओंना पटापट कारणं सुचली. मला सुचायला वेळ लागतो, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

खेळ मला शेवटपर्यंत कळला नाही. ती काळी रबरी चकती मला कधी दिसलीच नाही. सगळे जिकडे झेपावतात तिकडे ती असणार, एवढ्या अंदाजावर मी दिवस काढले. टीममध्ये कॅनडाचे, फिनलंडचे, चेक असे सगळे नोकरदार होते. कुणी पायलट, कुणी बँकेत, दोघं अमिराती कॉलेजातले मित्र. शनिवारी दोन तास एकमेकांना भिंतीवर आपटायचे आणि रविवारी बायकापोरांना घेऊन ब्रंचला जायचे. पोटासाठी खेळलेला त्यांच्यात एकच होता, आणि तो रशियन होता.

त्याच्याविषयीची मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. त्याला आणखी एक सीझन खेळायचा होता. बस, एवढंच. तो अडतीस वर्षांचा होता. बायको होती ती कधीच सोडून गेली होती, घर असं कुठे नव्हतं, आणि खेळ संपल्यावर पुढे काय, याचं उत्तर त्यानं कधी शोधलंच नव्हतं. आणि तो खेळायला फिट आहे की नाही, या कागदावर सही माझी लागायची.

पहिल्यांदा क्लिनिकमध्ये आला तो उजवा गुडघा घेऊन. टेबलावर आडवा झाला. पाहते तर गुडघ्याभोवती तीन जुने व्रण. हा कुठला, म्हणून मी पहिल्यावर बोट ठेवलं. "ज्युनियर टीम." आणि हा? "सेकंड लीग. बसनं सोळा तास जायचो, मॅच खेळायचो, सोळा तास परत." आणि हा? "बिग लीग," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. समोरचा एक दात नव्हता.

त्याचं करिअर मी असं त्याच टेबलावर तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. उरल पर्वताकडचं पोलादाच्या कारखान्याचं गाव. बाप भट्टीवर कामाला. हिवाळा लागला की बिल्डिंगमधले बाप लोक अंगणात पाण्याचा पाइप सोडून द्यायचे, सकाळी उठून पाहावं तर मैदान तयार. तिथे हा पाचव्या वर्षी उभा राहिला. बाराव्या वर्षी दुसऱ्या शहरात, खेळाच्या होस्टेलवर. एकोणिसाव्या वर्षी देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये. तिथे चार सीझन. त्या काळातला एक फोटो त्याच्या फोनमध्ये होता: घामानं थबथबलेला, दोन्ही हात वर, मागे हजारो माणसं. मग एका मॅचमध्ये कुणीतरी मागून ढकललं आणि तो डोकं पुढे करून कडेच्या फळीवर आदळला. दोन महिने गळ्यात पट्टा. परत आला तोवर त्याची जागा एका एकवीस वर्षांच्या पोराला गेली होती. मग खालची लीग, मग कझाकस्तान, मग पोलंड, मग एक असा क्लब की जो हिवाळ्याच्या मध्यावरच बंद पडला. आणि शेवटी दुबई. इथे एका अकॅडमीत सकाळी लहान मुलांना शिकवायचं आणि शनिवारी टीमकडून खेळायचं. अकॅडमीला 'खेळणारा' कोच हवा होता, म्हाताऱ्या कोचकडे पालक मुलं पाठवत नाहीत. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये स्टाफच्या बिल्डिंगमध्ये त्याला एक खोली दिली होती. खेळणं थांबलं की कोचिंग थांबणार, कोचिंग थांबलं की व्हिसा जाणार, असं ते एकात एक अडकलेलं होतं.

गळ्यातल्या पट्ट्याची गोष्ट त्यानं मला सांगितली होती, हे इथे मुद्दाम लिहिते. एकदाच सांगितली, सहज. मी "अरेरे" म्हटलं आणि पुन्हा गुडघ्याकडे वळले. डॉक्टरांनी पाठवलेलं रेफरल गुडघ्याचं होतं.

दुखतंय किती, शून्य ते दहा, असं आम्ही प्रत्येक पेशंटला विचारतो. तो कायम म्हणायचा, "थ्री." गुडघा टरबुजासारखा सुजलेला असताना थ्री. हनुवटीला टाके पडले तेव्हा थ्री. एकदा मी चिडून म्हटलं, "तुम्हाला तीनपर्यंतच आकडे शिकवले होते का शाळेत?" तर म्हणाला, "डॉक्टर, आमच्याकडे पाच म्हटलं की तुमचा लॉकर दुसऱ्याला देतात." मी डॉक्टर नाही, हे मी त्याला दहा वेळा सांगून झालं होतं. त्यानं असंही सांगितलं की मोठ्या टीममध्ये कुणाला काय लागलंय ते जाहीर करायचं नाही, असा रिवाजच असतो. नुसतं म्हणायचं, वरच्या अंगाला लागलंय किंवा खालच्या. नेमकं कळलं की समोरचे तिथेच हाणतात. मला हे ऐकून गंमत वाटली होती. आमच्याकडे एखाद्या काकूंचं पित्ताशय काढलं की खडा बाटलीत घालून आल्या-गेल्याला दाखवतात.

आता माझ्याबद्दल. मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी आधी पाय बाहेर आले. अशा माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, ही आपली जुनी समजूत. कराडला आमच्या कॉलनीत कुणाची पाठ धरली की मला बोलावणं यायचं. सात-आठ वर्षांची मी, फ्रॉक सावरत जायची. ओसरीवर कुणीतरी काका पालथे पडलेले असायचे, त्यांच्या कमरेला तीनदा पाय लावायचा, वर लाडू मिळायचा. दोन-तीन दिवसांत काका टुणटुणीत. उसण तशीही दोन-तीन दिवसांत उतरतेच, हे मला पुढे कॉलेजात कळलं. पण कळणं वेगळं आणि मनातून जाणं वेगळं. मी फिजिओ झाले तेव्हा अख्खी कॉलनी म्हणाली, व्हायचंच होतं. क्लिनिकमध्ये आपल्याकडचे पेशंट अजून म्हणतात, "मॅडम, आपके हाथ में जादू है." मी वरवर हसण्यावारी नेते. नवरा म्हणतो, "हातात जादू आहे, जिभेवर काय आहे ते आम्हाला विचारा." पण आपल्याला हातगुण आहे, हे मी मनातल्या मनात पक्कं धरून होते. आज हे कबूल करायची लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

ऑक्टोबरातली पहिली मॅच. पुरुषांच्या ड्रेसिंग रूममध्ये मी जात नसे, बाहेर पॅसेजमधल्या बाकावर माझी बॅग घेऊन बसायचे. तो बाहेर आला. पायात स्केटचे बूट, लेस सुटलेल्या, जमिनीवर लोळणाऱ्या. माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, हात गार पडलेत. बांधून द्याल?" मी म्हटलं, त्यात काय. गुडघ्यावर बसले. डावा बूट आधी, हे त्यानं सांगितलं. बोटांपासून सुरुवात करून एकेक वेढा करकचून ओढत घोट्यापर्यंत यायचं. ढिला राहिला तर घोटा मुरगळणार. माझी बोटं लाल झाली. त्या दिवशी त्यानं दोन गोल केले.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा तसाच बाहेर आला. "मागच्या वेळी लकी ठरलं. तुमचा हात लकी आहे, डॉक्टर." मी हसले आणि खाली बसले. टीम पुन्हा जिंकली. तिसऱ्या शनिवारी तो यायच्या आधीच मी बॅग बाजूला सारून जागा करून ठेवली होती.

या खेळाडूंची असली खुळं मला एव्हाना माहीत झाली होती. गोलकीपर मॅचआधी गोलच्या खांबांशी गप्पा मारायचा. एक कॅनेडियन जिंकत असेपर्यंत दाढी करायचा नाही. एकमेकांच्या श्रद्धेत कुणी नाक खुपसायचं नाही, हा तिथला अलिखित कायदा. आणि मी कुठून आले होते? क्लिनिकमध्ये नवं मशीन आलं तर त्याला हळदकुंकू वाहणाऱ्यांतली मी. मुलीच्या हातावर परीक्षेला जाताना दहीसाखर ठेवणारी मी. मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. रशियातून आलेल्या, हजारो माणसांपुढे खेळलेल्या माणसाला माझा हातगुण ओळखता आला, एवढंच मला वाटलं.

नोव्हेंबरात भाच्याच्या लग्नाला मी पुण्याला गेले, तो शनिवार चुकला. परत आल्यावर कळलं, तो त्या दिवशी खेळलाच नाही. ताप आला होता म्हणे. टीम हरली. टीमचा मॅनेजर मला म्हणाला, "मॅडम, आता लग्नांना जायचं नाही." मी इतकी खूश झाले की विचारू नका. अंगावर मूठभर मांस चढलं.

घरी हा चेष्टेचा विषय झाला होता. नवरा म्हणायचा, "वीस वर्षांच्या संसारात आमच्या बुटांकडे बघितलं नाहीस, आणि रशियन माणसाच्या पायाशी बसतेस." मुलगी सोळा वर्षांची, इथेच जन्मलेली आणि वाढलेली. आम्ही मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. जेवताना ती एकदा म्हणाली, "आई, दॅट्स वीअर्ड. ही'ज अ ग्रोन मॅन. व्हाय कान्ट ही टाय हिज ओन शूज?"

"तुला नाही कळायचं ते," मी म्हटलं. "खेळाडूंच्यात असतं तसं. श्रद्धा असते."

"ओके," ती म्हणाली आणि फोनमध्ये शिरली. एवढ्या सगळ्यांत नेमका प्रश्न त्या पोरीनं विचारला होता आणि मी तिला गप्प केलं होतं.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी आमच्या बिल्डिंगमध्ये हळदीकुंकू होतं. मी वाण वाटून अर्ध्यातून उठले. बायका म्हणाल्या, आज तरी राहू दे की. नवरा दारातून म्हणाला, "जाऊ द्या तिला, ती त्याच्या बुटांना हळदकुंकू लावते आज." मी डब्यात तिळाचे लाडू घेऊन गेले. पॅसेजमध्ये त्याला एक दिला आणि तिळगूळ घेऊन गोड बोलायचं असतं, हे सांगितलं. लाडू त्याच्या बोटांतून निसटून खाली पडला. दुसरा दिला, तोही पडला. तो हसला, म्हणाला, "फार छोटे आहेत." मग त्यानं तळहात पसरला, मी तिसरा तळहातावर ठेवला, आणि त्यानं तो तसाच तोंडात टाकला. मीही हसले. म्हटलं, गोलची सवय आहे, लाडवाची नाही.

फेब्रुवारीत अकॅडमीचा फॉर्म आला. पुढच्या वर्षाचा करार करायचा तर फिजिओचा कागद हवा. तो क्लिनिकमध्ये आला, मी गुडघा नीट तपासला. एका पायावर बसवलं, उठवलं, जिने चढवले, ताकद मोजली. फर्स्ट क्लास होता गुडघा. वर्षभराची माझी मेहनत होती ती. फॉर्मच्या खालच्या रकान्यात लिहिलं होतं: इतर तक्रारी. मी पेन टेकवून विचारलं, "आणखी काही?"

"नथिंग, डॉक्टर."

तो माझ्या पेनाकडे पाहत होता. मी 'नाही' लिहिलं आणि सही केली. आनंदानं केली. नंतर आम्ही खालच्या कॉफीशॉपमध्ये गेलो. त्यानं कागदी कप दोन्ही तळव्यांत धरला होता, लहान मूल दुधाचा पेला धरतं तसा. "वन मोअर सीझन," तो म्हणाला. "इन्शाल्ला." इथे राहून सगळेच म्हणायला लागतात. मीही म्हटलं, "इन्शाल्ला."

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी तो पडला. फाउल नव्हता, मारामारी नव्हती. त्याच्या निम्म्या वजनाच्या एका पोराचा खांदा लागला, तोल गेला, हनुवटी कडेच्या फळीवर आपटली. अशी पडझड दर पाच मिनिटांनी व्हायची. मी बाकावरून उठलेसुद्धा नाही, तो उठेल म्हणून वाट पाहिली. तो उठला नाही. मग मी बर्फावरून धडपडत गेले.

तो उताणा पडला होता, डोळे उघडे. मी म्हटलं, हलू नका. तो म्हणाला, "डॉक्टर, माझे हात कुठे आहेत?"

हात त्याच्या छातीवरच होते, ग्लोव्ह्जमध्ये. मी ते दाबून धरले होते.

हॉस्पिटलात न्यूरोसर्जन इजिप्तचे होते, वयस्कर, सौम्य. त्यांनी मला एमआरआय दाखवला, कारण मी टीमची फिजिओ म्हणून बरोबर गेले होते. मानेत मज्जारज्जू दारात चिमटलेल्या दोरीसारखा दबलेला. आजच्या पडण्यानं फक्त शेवटचा दणका बसला, ते म्हणाले. हे दबत आलंय कित्येक महिने, कदाचित वर्षं. जुनी दुखापत असणार. आणि मग त्यांनी सहज, केस पेपर भरायला विचारावं तसं विचारलं, "तुम्ही त्याला दर आठवड्याला पाहत होतात. वस्तू हातातून पडायच्या का? शर्टाची बटणं लावता यायची? बुटाच्या लेस?"

"लेस मी बांधायचे," मी म्हटलं.

त्यांना कळेना. "सॉरी?"

"त्याच्या लेस. ऑक्टोबरपासून मी बांधत होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि आत गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला त्या क्षणी कुणीतरी खाडकन मुस्काटात मारायला हवी होती.

मी बाहेरच्या खुर्चीवर बसले आणि सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मानेत मज्जारज्जू दबला की पहिली लक्षणं बोटांत दिसतात. मूठ वळते, हॉकीची स्टिक धरता येते, पण बारीक काम जमत नाही: बटण, सुई, लेस. हा आम्हाला परीक्षेत हमखास येणारा प्रश्न होता. मी पूर्ण मार्क घेतले होते. लाडू पडला होता. कप तळव्यांत धरला होता. तो मला कधी मेसेज टाइप करायचा नाही, बोलून पाठवायचा; मला वाटायचं, इंग्रजी स्पेलिंग येत नसेल. अंगात कायम बिनबटणांचे टी-शर्ट. हे सगळं मी पाहिलं होतं. एकोणीस वर्षं पाहणं हाच माझा धंदा आहे. माझ्याकडे आलेल्या एखाद्या आजोबांनी अशा लेस बांधून मागितल्या असत्या, तर मी त्यांना तिथल्या तिथे एमआरआयला पाठवलं असतं. याच्या वेळी मी गुडघे टेकून बसले आणि स्वतःचं कौतुक करत राहिले.

ऑपरेशन झालं. पाय हळूहळू परत आले, काठी आणि माणूस धरून चालण्याइतके. हात आले नाहीत. बोटं अर्धवट मिटलेली, ठेवली तिथे राहायची. सर्जन म्हणाले, वेळेत आला असता तर हात वाचले असते. हे त्यांनी मला उद्देशून नव्हतं म्हटलं, पण खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

मला काही झालं नाही. हेच मला अजून सहन होत नाही. मी क्लिनिकच्या मालकाकडे जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, रेफरल घुटने का था. घुटना ठीक है. खलास, भूल जाइए." अकॅडमीनं त्याला पत्र दिलं, व्हिसा कधी रद्द होणार त्याचं. मला पत्र आलं नाही. नवरा म्हणाला, "तू काय मुद्दाम केलंस का?" समजूत घालायला म्हणाला बिचारा, आणि मी त्याच्या अंगावर धावून गेले. मुलगी एक अक्षर बोलली नाही. तिनं 'मी विचारलं होतं' असं म्हणावं याची मी रोज वाट पाहत होते. ती म्हणाली नाही, गुपचूप माझ्यासाठी चहा करून ठेवायची. तो चहा मला जायचा नाही.

शनिवारचं काम मी सोडलं. एका दुपारी हिय्या करून हॉस्पिटलात त्याला भेटायला गेले. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं. तो खिडकीशी खुर्चीत बसला होता, मांडीवर उशी, उशीवर दोन्ही हात. त्याची आई त्याला न्यायला येणार होती. आईला व्हिडिओ कॉलवर दिसू नयेत म्हणून हात तो टॉवेलखाली ठेवायचा, असं नर्स मला बाहेर म्हणाली होती.

मी पाठ केलेलं सगळं म्हटलं. मला कळायला हवं होतं. तो माझा धंदा होता. मी मूर्ख, गर्विष्ठ बाई आहे. तुमचे हात माझ्यामुळे गेले.

त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टर, मला उन्हाळ्यातच कळलं होतं."

मला आधी नीट समजलं नाही.

"ऑगस्टमध्ये. मुलांना शिकवताना शिट्टी हातात राहायची नाही. आमच्या जुन्या टीममधल्या एकाला असंच झालं होतं, मला माहीत होतं हे काय आहे. डॉक्टरकडे गेलो असतो तर त्याच दिवशी खेळ बंद झाला असता."

"मग मलाच का?"

"टीममधल्या कुणाला लेस बांध म्हटलं असतं तर त्याला लगेच कळलं असतं. खेळाडू खेळाडूच्या लेस बांधत नाही. म्हणून बाहेर यायचो, तुमच्याकडे." मग म्हणाला, "पहिल्या दिवशी खरंच फक्त मदत मागितली. पण मॅचनंतर लकी म्हटल्यावर तुमचा चेहरा पाहिला. इतक्या खूश झालात. तेव्हा कळलं, या कधीच विचारणार नाहीत."

त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. असती तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं.

मी म्हटलं, "तुम्ही मला खरं सांगायचं होतं. मी तरीही बांधल्या असत्या."

"बांधल्या असत्या," तो म्हणाला. "सही केली असती?"

मी मान हलवली. नसती केली.

"बघा." त्यानं खांदा उचलला, हात उशीवर तसेच राहिले. मग तो खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर पार्किंग होतं, उन्हात तापलेल्या गाड्या होत्या, पाहण्यासारखं काहीच नव्हतं. मला वाटत होतं, आता तो ओरडेल, आता रडेल, किंवा मला जा म्हणेल. मी त्यासाठीच गेले होते. मला त्याच्याकडून शिक्षा हवी होती, आणि ती घेऊन मला घरी जायचं होतं.

तो म्हणाला, "अठरा मॅच. ऑक्टोबर ते मार्च. मी मोजल्यात. तुम्ही विचारलं असतं तर एकही मिळाली नसती." त्यानं माझ्याकडे पाहिलं. अगदी मनापासून, एखाद्यानं मोठे उपकार केल्यावर पाहावं तसं. "थँक यू, डॉक्टर."

आणि मी, क्लिनिकमध्ये दिवसातून चाळीस वेळा म्हणते तसं, म्हणाले, "वेलकम."